चिलटाचं घड्याळ आणि रात्रीची लाईट

तेर. इसवी सनाचं पहिलं शतक, कार्तिकातली पहाट. तुम्ही तेरणेच्या काठी उभे आहात आणि अजून फटफटलेलं नाही. गावाचं नाव सध्या तगर आहे. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक माणसाने 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे मोठं शहर, इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाते. गाड्या जुंपायला अजून अवकाश आहे. बैल बसून रवंथ करतायत, गाडीवान घोंगडीत गुरफटलेत. तुम्ही मात्र कापडासाठी आलेला नाहीत. बाजाराच्या कडेला काल न खपलेल्या केळ्यांचा एक घड टाकून दिलाय, त्याच्यापाशी बसा. साल काळी पडलीय, आंबूस वास येतोय, वर दव जमलंय.

आणखी जवळ जा. सालीच्या कोरड्या कडेला तपकिरी रंगाचे बारीक कोश चिकटलेत, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचे. दहा-एक दिवसांपूर्वी चिलटाच्या मादीने इथे अंडी घातली, अळ्या झाल्या, त्यांनी सडक्या गरावर पोट भरलं आणि कोश केले. आता एका कोशाचं टोक हललं. आतल्या माशीच्या कपाळातून एक छोटी पिशवी बाहेर फुगते, कोशाच्या झाकणाला आतून रेटते, पुन्हा आत जाते, पुन्हा फुगते. झाकण उचकटतं. आधी डोकं येतं, मग पुढचे पाय, मग फिकट, ओलं अंग. पंख चुरगळलेले आहेत. माशी दोन पावलं चालते, थांबते, पोट आवळून अंगातलं द्रव पंखांच्या शिरांत ढकलते, आणि तुमच्या डोळ्यांदेखत पंख उलगडत जातात. कपाळातली पिशवी आत गेली ती गेलीच. एकदाच वापरायचा तो अवयव. कातडी टणक व्हायला आणि रंग चढायला तास-दोन तास तरी लागतील, तोवर ती उडू शकत नाही.

हे सगळं दुपारी करून चालणार नाही. कोरड्या उन्हात पंख उलगडायच्या आत वाळून जातील. म्हणून दवाची ही ओल असते तेवढीच वेळ तिच्या सोयीची. आता घड थोडा उचला आणि खालचे, पार अंधारातले कोश बघा. तिथेही झाकणं उघडतायत. त्यांना उजाडल्याचं कोणी सांगितलेलं नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. काल सकाळी उशिरा ज्या माशीचं अंग पूर्ण तयार झालं, ती तेव्हा बाहेर आली नाही. कालची वेळ हुकली होती, म्हणून ती सगळा दिवस आणि सगळी रात्र कोशात थांबून राहिली आणि आज या पहाटे निघाली. तगरच्या व्यापाऱ्यांपैकी एवढा काटेकोर हिशेब ठेवणारा कोणी असेल असं मला वाटत नाही.

आता अठराशे वर्षं ओलांडा. वैशाख आहे, १८५५च्या आसपासचं साल. तुम्ही नळदुर्गच्या किल्ल्यात आहात. १८५३च्या तहानंतर हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलाय आणि मेडोज टेलर हा कादंबरीकार अधिकारी या किल्ल्यात राहून जिल्ह्याचा कारभार बघतोय. बाहेर दगड इतका तापलाय की हात लावता येत नाही, म्हणून तुम्ही बोरी नदीच्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणी महालाच्या पायऱ्या उतरता. इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे बांधकाम, आणि पावसाळ्यात त्याच्या डोक्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात. या महिन्यात धबधबा नाही, पण सावली आहे.

किती वाजले, असं या काळात कोणी विचारत नाही. किती घटका दिवस चढला, असं विचारतात. तांब्याचं अर्धगोल पात्र, बुडाला सुईच्या टोकाएवढं छिद्र, पाण्यावर ठेवलं की हळूहळू भरतं आणि २४ मिनिटांनी बुडतं. ती एक घटका. अशा ६० घटका झाल्या की सूर्य पुन्हा तिथेच. लग्नाच्या मुहूर्ताला अजून त्याचं नाव घेतात. घटिकापात्राची वेळ त्या त्या गावच्या सूर्याची. नळदुर्गची नळदुर्गला, परंड्याची परंड्याला.

या दुपारी सगळा किल्ला झोपलाय. पहारेकरी भिंतीला टेकलेत, घोडे मान खाली घालून उभे आहेत. तुम्ही आंब्याच्या कोयींच्या ढिगाकडे बघा. सकाळी तिथे चिलटांचा थवा होता, आता एखादं-दुसरं. बाकीची कुठे गेली? पानाच्या खालच्या बाजूला, दगडाच्या सांदीत, पाय आखडून स्वस्थ बसलीत. बोट नेलं तरी चटकन हलत नाहीत. ती झोपलीत, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही, शास्त्रज्ञ अगदी याच अर्थाने ते झोप धरतात. फळमाशीच्या, म्हणजे याच चिलटाच्या, दिवसाला वर्दळीचे दोन भर असतात, एक पहाटेचा आणि एक संध्याकाळचा, आणि मध्ये मोठी वामकुक्षी. वैशाखात ही वामकुक्षी लांबते आणि संध्याकाळची वर्दळ आणखी उशिरावर जाते. थंडीत उलट होतं, संध्याकाळची लगबग दुपारीच सुरू होते. हे कसं घडतं ते १९९९ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात आयझॅक एडेरी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. माशीच्या अंगात दिवस मोजणारं जे घड्याळ असतं, त्यातल्या एका जनुकाचा निरोप पेशीत नीट कातरून जोडावा लागतो. थंडीत ती कातरणी जोरात चालते, गरमीत मंदावते, आणि तेवढ्याने संध्याकाळची वेळ मागेपुढे होते. मराठवाड्यातल्या माणसाने उन्हाळ्यात पहाटे पाचला रानात जावं, अकराला घरी यावं, चार वाजेपर्यंत बाहेर पडू नये, ही रीत कोणी कायद्याने लावलेली नाही. तिच्या मुळाशी काय असावं, ते पाणी महालाच्या या सावलीत बसल्यावर मला पटतं.

पुढचा टप्पा छोटा आहे. १९११ साल, येडशीजवळचं स्टेशन. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची अरुंद रुळांची बार्शी लाईट रेल्वे आता कुर्डुवाडीहून बार्शी, तडवळे करत लातूरपर्यंत पोचलीय. फलाटावर उभे राहा. स्टेशनमास्तरच्या खोलीत भिंतीवर घड्याळ आहे आणि गाडी त्या घड्याळावर येते, तुमच्या सूर्यावर नाही. १९०६च्या १ जानेवारीपासून ब्रिटिश हिंदुस्थानात एकच प्रमाणवेळ ठरलीय, साडेब्याऐंशी रेखांशाची. आपला हा धाराशिव जिल्हा आहे ७६ अंशांच्या आसपास. म्हणजे घड्याळात बाराचे ठोके पडतात तेव्हा इथे सूर्य माथ्यावर आलेला नसतो. सरासरीने त्याला यायला आणखी २६ मिनिटं लागतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो बारा-दहाच्या सुमारास माथ्यावर येतो, फेब्रुवारीच्या मध्यात बारा-चाळीसला. फलाटावरचा हमाल, पाटी घेऊन बसलेली पेरूवाली आणि तिच्या पेरूंवरची चिलटं अजून जुन्याच वेळेवर आहेत. पण इथून पुढे या जिल्ह्यातल्या माणसाला दोन वेळा सांभाळाव्या लागणार आहेत, आणि त्याचा जाच पुढे किती वाढतो ते तुम्ही शेवटच्या टप्प्यावर बघणार आहात.

त्याआधी हे अंगातलं घड्याळ कसं उमगलं ते बघायला एकदा जिल्ह्याबाहेर जाऊ. पॅरिसला १७२९ साली द मेराँ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने एक रोप अंधाऱ्या जागी ठेवलं आणि ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडतात, रात्री मिटतात, हे पाहिलं. तिथे फार वेळ थांबायला नको. १९५०च्या दशकात कॉलिन पिटेंड्रिघ या जीवशास्त्रज्ञाकडे मात्र थांबा. त्याच्यापुढे प्रश्न असा होता, की रसायनांवर चालणारं घड्याळ असेल तर ते गरमीत पुढे पळायला हवं आणि थंडीत रेंगाळायला हवं. त्याने माश्यांचे कोश अंधारात वेगवेगळ्या तापमानांत ठेवले आणि १९५४ साली लिहिलं, की लय जवळजवळ चोवीस तासांचीच राहते. थंडीमुळे पहिल्या दिवशी माशीला बाहेर पडायला थोडा उशीर होतो, पण घड्याळ ठरलेल्या चालीनेच चालत असतं. वैशाखातलं चाळीस अंशांचं नळदुर्ग आणि पौषातली कुडकुडती पहाट, दोन्हींत एकाच मापाचा दिवस मोजणारं यंत्र त्या तीन मिलिमीटरच्या कोशात होतं. मला या सगळ्या शास्त्रातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, पुढे या शास्त्राला मिळालेल्या नोबेलपेक्षाही.

आता १९७१, कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना. सीमोर बेन्झर यांची प्रयोगशाळा. काचेच्या बाटल्या, तळाशी माश्यांचं खाद्य, तोंडाला बोळे, आणि सगळीकडे तोच आंबूस वास, तुमच्या ओळखीचा, तगरच्या घडाचा. रॉन कोनोप्का हा विद्यार्थी बाटल्यांमधल्या माश्या मोजतोय. त्याने माश्यांना जनुकांत बदल घडवणारं रसायन दिलंय आणि त्यांच्या वंशजांत तो अवेळी कोशाबाहेर येणाऱ्या माश्या शोधतोय. तुम्ही त्याच्या खांद्यावरून पाहा. सुमारे दोन हजार वाणांतून त्याला तीन सापडले. एका वाणाचा दिवस १९ तासांचा. दुसऱ्याचा २८ तासांचा. तिसऱ्याला दिवस म्हणून काही नाहीच, कधीही बाहेर येतात, कधीही बसतात, कधीही उडतात. आणि तिन्ही दोष एकाच गुणसूत्रावर, एकाच जागी. त्या जनुकाला पीरियड असं नाव मिळालं. वागणुकीसारखी गोष्ट एका जनुकाला जाऊन भिडते, हे तेव्हा अनेक मोठ्या शास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. बेन्झर यांच्याबरोबर काम केलेले ओबेद सिद्दिकी यांनी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच माशीवर वास आणि चव यांचं जनुकशास्त्र उभं केलं, म्हणजे या प्रयोगशाळेची एक वाट थेट कुलाब्याला येते.

१९८४ साली तो जनुक दोन ठिकाणी हाती लागला: ब्रँडाइस विद्यापीठात जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांच्याकडे, आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मायकेल यंग यांच्याकडे. तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं. बेन्झर २००७मध्ये गेले होते, कोनोप्का २०१५मध्ये. हे लिहिताना मला कोनोप्काबद्दल हळहळ वाटते. बाटल्या मोजणारा तो हात नसता तर पुढचं काहीच सुरू झालं नसतं.

आता माशीच्या डोक्यात शिरा. मेंदू मोहरीपेक्षाही लहान, त्यात लाखभर चेतापेशी. त्यांतल्या दीडशेच्या आसपास, डाव्या-उजव्या बाजूला घोसाघोसांनी बसलेल्या पेशी घड्याळाच्या म्हणून ओळखल्या जातात. काही पहाटेची वर्दळ सांभाळतात, काही संध्याकाळची. एका पेशीच्या केंद्रकात उभे राहिलात तर काय दिसेल? संध्याकाळ होतेय, पीरियड आणि टाइमलेस या दोन जनुकांचे निरोप भराभर बाहेर जातायत. त्यांपासून प्रथिनं बनतात, पण लगेच साठत नाहीत, कारण पीरियडचं प्रथिन तयार होताच दुसरं एक प्रथिन ते मोडत राहतं. टाइमलेसशी जोडी जमली की ते टिकतं. मध्यरात्रीच्या सुमारास ही जोडी केंद्रकात शिरते आणि आपल्याच जनुकांना गप्प करते, टाकी भरली की फ्लोट वर येऊन पाणी बंद करतो तसं. पहाटेपर्यंत जोडी झिजून संपते, जनुकं मोकळी होतात, आणि फेरी पुन्हा सुरू. एका फेरीला एक दिवस लागतो. जनुकाच्या निरोपाची ही चढउतार पॉल हार्डिन, हॉल आणि रॉसबॅश यांनी १९९०मध्ये दाखवली.

तुम्ही आत असताना कोणी अचानक दिवा लावला तर? प्रकाश माशीच्या डोक्याच्या पातळ आवरणातून थेट आत येतो. पेशीत क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन आहे, त्याला प्रकाश लागला की ते टाइमलेसला धरतं आणि टाइमलेस नष्ट होतं. दिवा रात्रीच्या पहिल्या प्रहरांत लागला तर घड्याळ मागे सरकतं, जणू संध्याकाळ अजून संपलेलीच नाही. पहाटेकडे लागला तर पुढे सरकतं, जणू उजाडलंच. एकाच दिव्याचा दोन वेळांना उलटा परिणाम. माणसाच्या शरीरात प्रकाश डोळ्यांवाटे जातो, मेंदूतलं घड्याळाचं ठाणंही निराळं आहे, पण पीरियडची भावंडं आपल्या पेशींतही आहेत आणि दिव्याने मागेपुढे सरकण्याची ही रीत आपल्यातही तशीच आहे. हे दिव्याचं सूत्र तेवढं घट्ट धरा.

परत येऊ. साल २००२, आश्विन, तुळजापूर. सीमोल्लंघन झालंय आणि भवानी पलंगावर निजलीय. नऊ दिवसांच्या युद्धाचा शीण म्हणून ही श्रमनिद्रा, कोजागरीपर्यंत. नवरात्राआधी भाद्रपदात घोरनिद्रा असते आणि शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. आपल्या देवतेने केव्हा निजावं आणि केव्हा जागावं याचं पंचांगच या गावाने केलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलं. निद्रेच्या दिवसांत देवीला उठवायचं नाही, एवढं इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. देवीचा हा पलंग आणि तिची पालखी दोन्ही नगरच्या वाटेने येतात, पालखी बुऱ्हाणनगरहून. तुम्ही त्या वाटेने उलटे निघा.

भूम मागे टाकलं, जामखेड आलं, म्हणजे नगर जिल्हा लागला. १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी सुरू केलेलं अहमदनगर कॉलेज, त्याचा प्राणिशास्त्र विभाग. इथे दिलीप जोशी आणि त्यांचे सहकारी फळमाशीच्या घड्याळावर काम करतायत. धाराशिवपासून एवढ्या जवळ, एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात हे काम झालं आणि परदेशी नियतकालिकांत छापून आलं, याचं मला फार अप्रूप आहे. अशा प्रयोगशाळेत अंधारात काम करायचं तर मंद लाल दिवा लावतात, कारण माशीला लाल रंग जवळजवळ दिसत नाही. डोळे सरावले की रांगेने ठेवलेल्या बाटल्या दिसू लागतात. यातली माशी आपल्याकडची नेहमीची, ड्रोसोफिला अनानासी. देशाच्या दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत वेगवेगळ्या अक्षांशांवरून गोळा केलेले तिचे वाण. अक्षांश बदलला की कोशातून बाहेर पडण्याच्या आणि हिंडण्याफिरण्याच्या लयीतही फरक पडतो, हे या विभागाने १९९९मध्ये मांडलं. कारण समजण्यासारखं आहे. कन्याकुमारीला दिवस वर्षभर जवळपास सारखाच. धाराशिवला डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा आणि जूनचा सव्वातेरा तासांचा. काश्मीरकडे हा फरक आणखी मोठा. जशी जागा, तसं घड्याळ जुळवलेलं.

२००२मध्येच त्यांचा हिमालयातल्या उंचावरच्या माश्यांवरचा लेख आला. तिथल्या वाणांत कोशातून निघण्याची लय तापमानावर अवलंबून असते, असं त्यांना आढळलं. बर्फाळ पहाटे दवाची ओल काय कामाची? तिथे ऊब महत्त्वाची. याच विभागाने वयस्क नरमाश्यांत घड्याळ कसं बदलतं तेही पाहिलं, आणि २००५ साली गुहेत राहणाऱ्या वटवाघळांवर संधिप्रकाशाचा परिणाम मोजला. दिवसभर लेण्याच्या काळोखात लटकणारा प्राणी संध्याकाळच्या त्या मावळत्या उजेडावर आपलं घड्याळ लावून घेतो. धाराशिव लेण्यांच्या तोंडाशी दिवस मावळताना कधी उभे राहिलात तर हे आठवा.

आता शेवटचा टप्पा. डिसेंबर, गेल्या दहा वर्षांतला कोणताही. कळंब तालुक्यातलं एक शेत, रात्रीचे पावणेदहा. तुम्ही ओट्यावर आहात आणि घरातलं बोलणं ऐकू येतंय.

"आवो, कानटोपी घ्या. लई गारठा सुटलाय."

"घेतली. तू नीज आता. लाईट धाला येती, सकाळी जाती. तेवढ्यात हरभरा भिजला पायजे."

"पोराला न्या की संगं."

"नगं. त्याची शाळा हाय."

त्याच्यामागे निघा. बांधावरून चालताना बॅटरीचा झोत आधी पुढच्या पावलावर, मग कडेच्या गवतावर, सापासाठी. डीपीवर गुणगुण सुरू झाली, म्हणजे लाईट आली. त्याने स्टार्टर दाबला, मोटार धरली, विहिरीचं पाणी पाटात आलं. आता रात्रभर दारं धरायची. एका वाफ्यात पाणी भरलं की खोऱ्याने माती ओढून ते दार बंद करायचं, पुढचं फोडायचं. पाणी थांबत नाही, म्हणून माणसालाही थांबता येत नाही. पायाखाली गार चिखल आहे. स्टार्टरच्या पेटीवर एलईडी दिवा जळतोय आणि त्याच्याभोवती चिलटं जमलीत. त्यांच्या मेंदूतलं टाइमलेस या क्षणी मोडतंय. तुम्ही ते आतून पाहिलंय.

शेतीला वीज पाळीपाळीने मिळते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत जागणाऱ्याचं शरीर रात्री दोन-तीनच्या पुढे काय करतं बघा. पहाटे चारच्या सुमारास माणसाच्या अंगाचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं, नजर आणि लक्ष दोन्ही मंदावतात. या जिल्ह्याला पहाटेचे चार म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ आठवतो. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला आणि आमच्या सास्तूर-लोहाऱ्याकडच्या गावांना भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक गाढ झोपले होते, आणि दगडमातीच्या भिंतींखालून उठायला अनेकांना सवड मिळाली नाही. माणूस सगळ्यात असहाय असतो ती ही वेळ. नेमक्या याच वेळेला ओल्या चिखलात उभं राहून विजेच्या स्टार्टरला हात लावायची पाळी आपण शेतकऱ्यावर आणली आहे.

हे सोसायची सवय होते, असं म्हणणारे भेटतात. माशीच्या बाटल्या बघितल्यावर मला ते मान्य होत नाही. घड्याळ हलवायचं तर शरीराला दर तासाच्या फरकासाठी साधारण एक दिवस लागतो. रात्रीचं काम आणि दिवसाची झोप इतकी उलथापालथ जमायची तर आठवडा पुरत नाही. तीन-चार रात्री जागून शरीर कुठे थोडं सरकू लागतं, तोवर पाळी बदलते आणि दिवसाची लाईट येते. मग उलट सरकायचं. शिवाय तो दिवसा झोपतो तरी कुठे? सकाळी जनावरांचं पाणी, दूध, पोराची शाळा, आणि ऊन डोळ्यांत शिरून मेंदूला सारखं सांगत राहतं की दिवस आहे. कोशातल्या माशीला निदान दुसऱ्या पहाटेपर्यंत थांबायची मुभा होती.

याला उपाय आहे आणि तो जिल्ह्यात येऊ लागलाय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७मध्ये जाहीर झाली, २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळ सौर पॅनेल बसवायची आणि शेतीच्या वाहिनीला दिवसाच वीज द्यायची, असं तिचं गणित. धाराशिवला ऊन कमी नाही, वैशाखात तुम्ही ते अंगावर घेतलंय. या योजनेचा हिशेब मेगावॅटमध्ये, अनुदानात आणि वाचलेल्या पैशात मांडला जातो. त्यात एक रकाना झोपेचाही हवा, असं मला मनापासून वाटतं: अमुक वाहिनी दिवसा आली, म्हणून इतक्या घरांतला माणूस रात्री अंथरुणात होता. हा आकडा गोळा करणं अवघड नाही. प्रत्येक गावच्या वाहिनीचं वेळापत्रक वीज कंपनीकडे असतं आणि कोणत्या विहिरीवर कोण दारं धरतं ते गावाला माहीत असतं.

सहा वाजत आलेत. वाफे तीन राहिलेत. तो घड्याळाकडे बघतो आणि खोरं उचलून पळतच पुढच्या दाराकडे जातो, कारण लाईट आता कोणत्याही क्षणी जाईल.